सोलरवर टाकलेल्या गोधड्या

आमचं घर पुंडलिकनगरला आणि शेड चिकलठाण्याच्या एमआयडीसीत. शेडमध्ये आम्ही सोलर बनवायचो. सोलर म्हणजे गच्चीवर पाणी तापवणारं, काचेच्या काळ्या नळ्यांचं. वीज बनवणारं नव्हे. हे आधीच सांगून टाकते, कारण आताच्या पोरांना सोलर म्हटलं की निळे पत्रेच दिसतात, आणि मग मी बोलत राहते एक आणि ऐकणारा बघत राहतो दुसरंच.

हा धंदा आमच्या घराण्यातला नव्हता. आमच्या घराण्यात धंदाच नव्हता. आजेसासरे पूजा सांगायचे, सासरे तहसिलीत कारकून, आणि हे वाळूजच्या एका कंपनीत चांगल्या पक्क्या नोकरीत. ती सोडून ह्यांनी शेड भाड्यानं घेतली तेव्हा सासरे नुसतं एवढंच म्हणाले, "बघ बाबा." ह्यांच्या डोक्यात मात्र ऊन शिरलं होतं. मराठवाड्यात दुसरं काही फुकट मिळत नाही, ऊन मिळतं, तर त्याचं काहीतरी करायचं, एवढं एकच खूळ. कुणाच्या गच्चीवर सोलर बसवलं की दुसऱ्या दिवशी हे मुद्दाम जायचे, नळ सोडून गिऱ्हाइकाचा हात धारेखाली धरायचे आणि त्याचं तोंड बघत उभे राहायचे. त्यासाठी पेट्रोल जाळून सिडकोच्या पार टोकाला जायची तयारी. मी हिशेब बघायचे, त्यामुळे ते पेट्रोल मला दिसायचं.

त्या काळी सरकार सोलरवर सबसिडी देत होतं. पण ती द्यायची रीत ऐका. गिऱ्हाइकाला सोलर द्यायचं ते सबसिडी वजा करूनच, स्वस्तात. वजा केलेला हिस्सा सरकारकडून मिळणार तो कंपनीला, म्हणजे आम्हाला, आणि तोसुद्धा साहेब येऊन बसवलेलं सोलर चालू आहे असं बघून गेल्यावर. थोडक्यात, सरकारच्या नावानं आधी आम्हीच आमच्या पदरचं वाटायचं आणि मग आभाळाकडे बघत बसायचं. मी ह्यांना म्हणायचे, बारसं सरकारचं आणि घुगऱ्या आपल्या. हे हसायचे. सबसिडीमुळे गिऱ्हाईक दारात येतंय, हे खरंच होतं.

आणि आलंही. दुष्काळाचं ते लागोपाठ दुसरं वर्ष. नळाला पाणी आठवड्यातून एकदा, कधी त्याहून उशिरा. तिकडे बायपासच्या पलीकडे मात्र रो-हाउसच्या रांगा उठत होत्या, जिथं परवापर्यंत ज्वारी होती तिथं नावाच्या कमानी लागत होत्या. शहरात पाणी नव्हतं आणि माणसं येतच होती. आणि ह्या सगळ्यात आमचा खप वाढला. इतर दुकानदार कपाळाला हात लावून बसलेले, आणि आमच्याकडे लोक येऊन विचारत, दोनशे लिटरचं सोलर केवढ्याला? ह्यांना वाटलं, लोकांना उन्हाची किंमत कळायला लागली. मलाही तसंच वाटलं. वर्तमानपत्रात छापून आणण्यासारखी गोष्ट आहे असंही मी कुणाला तरी बोलून गेले.

त्या हिवाळ्यात कुणकुण लागली की योजना गुंडाळणार. मग पत्रच आलं. मार्च संपायच्या आत ज्यांची तपासणी होईल त्यांचंच काम धरलं जाईल, पुढचं नाही. आमच्या पुष्कळशा गल्ल्या आधीच होऊन गेल्या होत्या, पण त्यांचेही पैसे अडकलेच होते. सगळ्यात मोठं काम राहिलं होतं ते आमच्याच मागच्या गल्लीचं. चौदा घरं, चौदा सोलर. तपासणी नमुन्याची असायची. साहेब येणार, कुठल्याही तीन घरांकडे बोट करणार, तिथली सोलर चालू निघाली तर गल्ली पास. एक जरी बंद निघालं तर चौदाच्या चौदा नापास.

फिटर लोकांना आम्ही तोवर घरी बसवलं होतं. पगार द्यायला नव्हता. शेडमालकानं भाड्यासाठी अक्षय्य तृतीयेपर्यंत मुदत दिली होती, ती त्याची भलमनसाहत. गल्ली पास झाली तर शेड राहणार होती, नाही तर किल्ली त्याच्या हातात. ह्यांनी शेडबद्दल बोलणं बंद केलं होतं. जेवताना घास हातात धरून बसायचे. मला भीती शेड जाण्याची नव्हती तेवढी शेड गेल्यावर ह्यांचं काय होईल ह्याची होती. हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही, आता सांगते.

तपासणीच्या आदल्या दिवशी मी स्वतः गच्च्या बघायला निघाले. पहिलं घर काकूंचं. काकू सोयगावकडच्या, शेतीवाडी तिकडे, काका इथं एका खात्यात नोकरीला, त्यामुळे निम्मं घर तिकडे निम्मं इकडे. मुलगी बाळंतपणाला आलेली, आठवड्याचं बाळ घरात. मी सरळ जिना चढून वर गेले. टाकीवर बोटाच्या पेरांनी ठोकून बघितलं तर आवाज पोकळ. दुसऱ्यांदा ठोकलं. पोकळच. शेजारच्या गच्चीवर गेले, तिथं तेच. तिसऱ्या, चौथ्या. सगळी गल्ली मी अशी ठोकत फिरले आणि चौदाच्या चौदा टाक्या रिकाम्या. माझं डोकं फिरलं. मी मुळातच तोंडाची फटकळ. खाली आले ती काकूंच्या स्वयंपाकघरातच.

"काकू, सोलरमधलं पाणी कुठं गेलं?"

काकू बाळाचे कपडे घडी घालत होत्या. "प्यालो की," त्या म्हणाल्या.

"प्यालात म्हणजे?"

"म्हणजे प्यालो, सैपाकाला वापरलं. आवं ताई, दोनशे लिटरची टाकी हाय ती, आन् तीबी स्टीलची. नळाला पाणी आलं की पयले तीच भरून घेतो. मग खालची तोटी सोडून आठ दिस पुरवतो. सगळीच गल्ली तसं करती."

"अहो पण ती पाणी तापवायला आहे."

"मार्चात कोण गरम पाण्यानं अंघोळ करतंय? आन् अंघोळच कोण करतंय लई." बाळाचं झबलं झटकून त्या पुढं म्हणाल्या, "तेवढी स्टीलची टाकी बाजारात घ्याया गेलं तर तुमच्या सोलरहून म्हाग पडती. सरकारनं सबसिडी दिली म्हणून आमाला टाकी स्वस्तात पडली. नळ्या काय, आल्या बरुबर."

मी तिथल्या पाटावर बसले. वर्षभर आम्ही ज्याला उन्हाची लाट समजून नाचलो ती तहान होती. लोक आमच्याकडे सोलर घ्यायला येतच नव्हते, टाकी घ्यायला येत होते, आणि नळ्या नको म्हणून सांगितलं तर सबसिडी मिळणार नाही म्हणून नळ्यांसकट घेऊन जात होते. कुणी फसवलं नव्हतं. कुणी विचारलंच नव्हतं. काकूंनी मला चहा दिला, अर्धा कप, पाण्याच्या मानानं तो पुष्कळ होता.

घरी येऊन ह्यांना सांगितलं. ह्यांनी विचारलं, "सगळ्यांनीच?" मी हो म्हटलं. त्यांच्या चेहऱ्याकडे बघवेना. मी म्हटलं, ते राहू द्या, उद्याचं काय ते बोला. मग त्यांनी सांगितलं की नुसतं पाणी ओतून भागणार नाही. टाकी रिकामी केली तरी नळ्यांमध्ये पाणी उरतं, पण चार दिवसांच्या उन्हात तेही उडून जातं, आणि मग काच आतून कोरडी तापते. अशी तापते की तिच्यात गार पाणी गेलं तर त्या क्षणाला तडकते. भरायचं तर ऊन पडायच्या आत भरायचं. पहाटे टँकर आला, नळ्या गार असतानाच भरल्या, तर साहेब येईपर्यंत दुपारी पाणी कढत झालेलं असेल. साहेबांनी दुपारची वेळ दिली होती. झालं, मी टँकरवाल्याला फोन केला, पहाटेचं नक्की करून घेतलं, आणि त्याला तीनदा बजावलं.

पहाटे मी फाटकात उभी. टँकर नाही. दूधवाला आला, पेपरवाला आला. काकूंच्या गच्चीच्या कठड्यावर ऊन आलं, मग नळ्यांवर. फोन लागत नव्हता. हे वर गच्चीत येरझारा घालत होते आणि मला खाली त्यांच्या चपलांचा आवाज येत होता. पोरं शाळेत गेली तरी टँकर नाही. तो आला तेव्हा डोक्यावर पदर घेतल्याशिवाय उभं राहवत नव्हतं.

"क्या करना भाभी," ड्रायव्हर खाली न उतरताच म्हणाला, "बावडी पे टँकरां की लाइन थी, मेरेकू बी रुकना पड्या." त्याच्यावर ओरडून उपयोग नव्हता, तरी मी ओरडले. त्यानं ऐकून घेतलं आणि बिडी पेटवली.

ह्यांनी नळीच्या तोंडाजवळ हात नेला आणि मागे घेतला. "नाही भरता येणार. एकही वाचणार नाही."

"मग झाकून टाका त्यांना," मी म्हणाले. "ऊनच लागू नका देऊ. गार होऊ देत आधी."

"कशानं झाकू? चौदा घरांना ताडपत्री कुठून आणू आता?"

ताडपत्री नव्हती, पण गोधड्या होत्या. थंडी सरली होती, प्रत्येक घरात माळ्यावर गोधड्यांचा ढीग. मी गल्लीत दारोदार गेले. बायकांनी आधी माझ्याकडे वेड्यासारखं बघितलं, मग काढून दिल्या. जुन्या लुगड्यांच्या, ठिगळांच्या, एकीनं तर लग्नातली चौकडीची रजई दिली आणि वर सांगितलं, डाग पडला तर बघा. हे आणि मी एकेका गच्चीवर जाऊन नळ्यांवर गोधड्या अंथरत गेलो, वाऱ्यानं उडू नयेत म्हणून कडेला विटा ठेवत. शेवटच्या गच्चीवरून बघितलं तर सगळ्या गल्लीची सोलर पांघरूण घेऊन पडलेली. हे म्हणाले, आता तासदोन तास तरी कुणी हात लावायचा नाही.

खाली आले तर टँकरभोवती बायका. हंडे, घागरी, बादल्या, एकीनं प्लॅस्टिकचा ड्रम फरफटत आणलेला. बाराव्या दिवशी गल्लीत पाणी आलं होतं आणि ते नुसतं उभं होतं. चूक त्यांची नव्हती. मी जाऊन टँकरच्या तोटीपुढं पाठ लावून उभी राहिले.

"कुणी पुढं यायचं नाही. हे पाणी वर जायचंय."

"वर काय सूर्याला पाजता का?" मागून कुणीतरी म्हणालं.

"तपासणी होऊ दे. नंतर काय ते."

"नंतर म्हणजे टँकर रिकामा झाल्यावर," दुसरी म्हणाली, आणि तिचं खरंच होतं. मी ह्या बायकांबरोबर हळदीकुंकू केलेलं, भिशी चालवलेली, आणि आज एकेकीकडे अशी बघत होते की जरा पुढं आली तर ढकलून देईन. दिलंही असतं. मला तेव्हा माझी शेड दिसत होती, त्यांचे हंडे दिसत नव्हते.

काकू पुढं आल्या. त्यांच्या हातात एकच हंडा. "माझ्या घरात बाळंतीण हाय," त्या म्हणाल्या. "गोधड्या बी आमीच द्यायच्या आन् पाणी बी नाय, हे काय बरं नाय ताई."

"एकीला दिलं की सगळ्या तुटून पडतील, काकू."

"नाय पडत." त्यांनी मागे वळून बघितलं. "कोण पडतंय गं?" एकीनं हंडा खाली ठेवला. मग त्या मला म्हणाल्या, हळू आवाजात, समजावून सांगावं तशा, "तुमी पाणी वर चढवा. चौदाच्या चौदा टाक्या भरा. साहेब बघून गेला की खालची तोटी आमची. पाणी कुठं जातंय? आमच्याच गच्चीवर तर ऱ्हातंय."

एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती. मी टँकर त्यांच्यापासून वाचवत होते आणि तो सगळा त्यांच्याच टाकीत जायचा होता. मी बाजूला झाले. काकूंचा हंडा मी माझ्या हातानं भरला. बाळंतिणीच्या हंड्याला कुणी नावं ठेवली नाहीत. बाकीच्या बायका सावलीला जाऊन बसल्या, पण हंडे घरात नेले नाहीत, तसेच रांगेत ठेवले.

साहेब लवकर आले. दुपार म्हणून सांगितलेलं आणि जीप गल्लीच्या तोंडाशी उभी राहिली तेव्हा गोधड्या टाकून तासही झाला नव्हता. साहेब मध्यम वयाचे, कपाळाला घाम, हातात फाइल. त्यांनी वर बघितलं, मग माझ्याकडे.

"हा काय प्रकार आहे?"

मी खरं ते सांगितलं. लोक टाकीतलं पाणी पितात, नळ्या कोरड्या आहेत, टँकर उशिरा आला, भरलं तर काच फुटेल, थोडं थांबा. खोटं रचायला वेळच नव्हता. साहेबांनी ऐकून घेतलं. "मला आज जालन्याचंही करायचंय," ते म्हणाले. "बाई, मी सोलर चालू आहे का नाही एवढंच बघतो. चालू नसेल तर नाही लिहीन. त्याच्यापुढचं माझ्या हातात नाही."

मी धावत काकूंच्या गच्चीवर गेले. पाइप वर चढवलेला, हे व्हॉल्व्हजवळ बसलेले.

"सोडा पाणी. साहेब आलेत."

"अजून तापलेल्या आहेत."

"तापू देत. तीनच घरं बघणार आहेत. बाकीची फुटली तर फुटू देत."

"कुठली तीन?" हे म्हणाले. "आणि फुटू देत म्हणजे काय? लोकांनी घेतलेली आहेत ती."

"लोकांना नळ्या नकोच आहेत. काल ऐकलंत ना? टाकी हवीय त्यांना. तुमच्या नळ्यांची काळजी तुम्हाला एकट्यालाच."

हे मी बोलायला नको होतं, पण बोलले. ह्यांनी माझ्याकडे बघितलं आणि गोधडीचं टोक उचलून नळीवर तळवा ठेवला, पुन्हा झाकलं. "अर्धा तास," ते म्हणाले. "त्याच्या आधी मी व्हॉल्व्ह सोडणार नाही. शेड गेली तर जाऊ दे." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. व्हॉल्व्ह हाताच्या अंतरावर होता, मी स्वतः फिरवू शकत होते. पण हे त्याच्यापुढं असे बसले होते की त्यांना उठवूनच फिरवावा लागला असता. मी खाली आले.

साहेब जीपकडे निघाले होते. तेवढ्यात काकू ओसरीवरून म्हणाल्या, "साहेब, पाणी घ्या." एका हातात तांब्यापेला, दुसऱ्या हातात वाटीत गुळाचा खडा. आमच्याकडे दारात आलेल्या माणसाला पहिल्यांदा पाणी विचारतात, आणि विचारलेलं पाणी न घेता कुणी उंबऱ्यावरून जात नाही. साहेबही इकडचेच असावेत. त्यांचा पाय थांबला. त्यांनी रांगेत ठेवलेले कोरडे हंडे बघितले, सावलीतल्या बायका बघितल्या, आणि ते पाणी कुठून आलं असेल हे त्यांना कळलं. नको म्हणता येईना. ते ओसरीवर बसले. गूळ तोंडात टाकला, पाणी प्याले. अर्धं ठेवलं असतं तर ते उष्टं फेकूनच द्यावं लागलं असतं, म्हणून सगळं प्याले, सावकाश.

"बाळ कधीचं?" त्यांनी विचारलं, आतून रडणं ऐकू येत होतं.

"आठ दिसाचं. मुलगी हाय," काकू म्हणाल्या.

मग साहेब उठले नाहीत. घड्याळ बघितलं, फाइलनं वारा घेत बसले, काकूंच्या गावाकडच्या कापसाची चौकशी केली. थांबतो असं काही म्हणाले नाहीत. मी जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसले होते, वर कान लावून.

वरून ह्यांची हाक आली. टँकरची मोटर सुरू झाली. ह्यांनी व्हॉल्व्ह अगदी बारीक सोडला, पाण्याचा आवाज नळ्यांत उतरताना मला खालपर्यंत ऐकू आला, आणि मी काच तडकण्याची वाट बघत राहिले. नाही तडकली. दुसरी गच्ची, तिसरी. आठव्या घरावर टच् असा एकच आवाज झाला, एकच नळी गेली, ह्यांनी ती जागच्या जागी बदलली. बाकी सगळ्या राहिल्या. साहेबांनी तीन घरं दाखवली, त्यात काकूंचं एक. तिथल्या नळ्यांवरच्या गोधड्या ह्यांनी आधी काढल्या होत्या. साहेबांनी नळाखाली हात धरला.

"कोमट आहे," ते म्हणाले.

"आत्ताच भरलंय, साहेब. चारपर्यंत थांबलात तर चटका बसेल," हे म्हणाले.

साहेबांनी ह्यांच्याकडे जरा वेळ बघितलं आणि फाइलवर 'चालू' असं लिहिलं. तिन्ही ठिकाणी. जीप गल्लीच्या बाहेर पडायच्या आत बायकांनी तोट्या सोडल्या होत्या. मी काकूंच्या जिन्यात बसून रडले, मला रडताना कुणी बघितलं नाही कारण सगळ्या पाणी भरण्यात गुंतल्या होत्या. त्या संध्याकाळी हे पोटभर जेवले. शेडचा बोर्ड पुन्हा रंगवून घेऊ म्हणाले. एवढं बोलताना मी त्यांना कित्येक महिन्यांत ऐकलं नव्हतं.

पैसे आले नाहीत. एप्रिलमध्ये पत्र आलं की योजना बंद झाली आहे, आणि तपासणी झालेल्या प्रस्तावांना निधी उपलब्ध झाल्यास रक्कम देण्यात येईल. निधी उपलब्ध झाल्यास. हे पुण्याला गेले, मुंबईला गेले, जिथं जातील तिथं लोक चांगलं बोलले आणि तीन शब्द तेच सांगितले. सबसिडी गेल्यावर सोलरची खरी किंमत गिऱ्हाइकाला सांगावी लागायची, आणि ती ऐकून लोक फोन ठेवून द्यायचे. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. शेडमध्ये बनवून ठेवलेली सोलर धूळ खात उभी होती. अक्षय्य तृतीया जवळ आली आणि ह्यांचा घास पुन्हा हातात राहायला लागला.

तेव्हा काकू त्यांच्या भावाला घेऊन शेडवर आल्या. भाऊ सोयगावचा, घर बांधत होता. त्यानं सोलरभोवती एक चक्कर मारली. "टाकी द्या," तो म्हणाला. "नळ्या नाय पायजेत." आणि काकूंनी तिथंच उभ्या राहून मला सांगितलं की साहेब गेल्यावर त्यांनी सोलरच्या नळ्यांवर गोधडी पुन्हा टाकली, ती मग काढलीच नव्हती. तशी ठेवली तर टाकीतलं पाणी भर मे महिन्यातही गार राहतं. गरम पाणी गार होऊ नये म्हणून आम्ही त्या टाकीला जाड अस्तर घालायचो, ते अस्तर बाहेरचं ऊन आत येऊ देत नव्हतं, एवढंच. मी ह्यांना न विचारता हो म्हटलं. भाव सांगितला, सबसिडीशिवायचा, चांगला. भावानं घासाघीससुद्धा केली नाही.

ह्यांनी एकेक नळी काढली, कपड्यानं पुसली, खोक्यात ठेवली. आठवड्यात दुसरा आला, मग लासूर स्टेशनचा एक अडत दुकानदार, मग बायपासवरचा बिल्डर, ज्याला सगळ्या रो-हाउसला टाक्या हव्या होत्या. पाण्याची लाइन तिकडे पोचली नव्हती आणि लोक राहायला येत होते. किल्ली द्यायची वेळ टळली. फिटर परत आले. मी सकाळी घरचं उरकून शेडवर जायला लागले, ऑर्डरी घ्यायला, आणि खरं सांगते, मला मजा यायला लागली. शहाण्या माणसानं गिऱ्हाइकाला जे पाहिजे ते द्यावं, मी ह्यांना म्हणायचे. हे मान हलवायचे.

दिवाळीनंतर आम्ही नळ्यांची भोकं नसलेली टाकी बनवली. आतापर्यंत जुन्याच टाक्यांची भोकं बंद करून देत होतो, ही पहिलीच सरळ पत्र्याची. फिटरनं ती उभी केली, मी खुश होऊन पेढे मागवले. ह्यांनी टाकीच्या कडेवरून हात फिरवला, जिथं भोकं असायची तिथून. पेढा घेतला. संध्याकाळी घरी जेवताना म्हणाले, "मला वाळूजला बोलावलंय. जुन्याच कंपनीत. जातो म्हणतो."

"आणि शेड?"

"शेड तुला जमतेय. मला टाक्या नाही जमणार."

मी ताट सरकवलं. मी म्हटलं, ही शेड मी कुणासाठी वाचवली? टँकरपुढं उभी राहिले, बायकांशी भांडले, ते कुणासाठी? मला खूप राग आला होता आणि तो आजही गेलेला नाही. हे म्हणाले, माहितेय. एवढंच म्हणाले आणि भात कालवत बसले.

दुसऱ्या सोमवारी हे डबा घेऊन कंपनीच्या बसच्या थांब्यावर गेले. मी शेड उघडायला आले. दोघं फिटर दारात उभे होते, त्यांनी माझ्या मागे बघितलं. "साहेब नाय आले?" एकानं विचारलं.

"कामाला गेले," मी म्हणाले, आणि कुलूप काढलं.